शहिदाच्या गावात: काय करावं, काय टाळावं

तुकडोजी महाराजांचं जन्मगाव यावली आणि वरुड तालुक्यातलं बेनोडा ही दोन्ही गावं आपल्या नावापुढे ‘शहीद’ लावतात. १९४२च्या चळवळीत तिथली माणसं पडली म्हणून. त्यानंतर वऱ्हाडातून फौजेत आणि सुरक्षा दलांत जाऊन शहीद झालेल्यांची यादी वाढतच राहिली. उरीच्या हल्ल्यात (१८ सप्टेंबर २०१६) नांदगाव खंडेश्वरचे पंजाब उईके गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये शोपियांत अकोला जिल्ह्यातल्या लोणाग्र्याचे सुमेध गवई, पुलवामात (१४ फेब्रुवारी २०१९) मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड, जुलै २०२४ मध्ये कुलगामला मोरगाव भाकरेचे प्रवीण जंजाळ.

अंत्यसंस्काराच्या दिवशी आपली गावं कमी पडत नाहीत. रस्ते झाडले जातात, रांगोळ्या पडतात, चुली बंद राहतात. कमी पडतो आपण त्यानंतर. म्हणून इथे त्या दिवसाबद्दल थोडं आहे आणि पुढच्या वर्षांबद्दल जास्त.

पार्थिव येतं त्या दिवशी

करा: फुलं रस्त्याच्या कडेला उभं राहून वाहा. पार्थिव बहुधा नागपूरला विमानाने येतं आणि तिथून पुढे रस्त्याने. दर फाट्यावर गाडी अडवून हार घातले की घरी पोचायला तासन्‌तास उशीर होतो. तिकडे आई ओट्यावर बसलेली असते.

करा: घरच्यांना पार्थिवाजवळ थोडा वेळ एकटं राहू द्या. दाराशी गावातली दोन ज्येष्ठ माणसं उभी राहिली तर हे जमतं.

करा: विधी कुटुंबाला ठरवू द्या. शहिदांची घरं बौद्ध आहेत, गोंड आहेत, बंजारा आहेत, मुस्लिम आहेत, कुणबी-मराठा आहेत. कुठे तेरवी असते, कुठे पुण्यानुमोदन, कुठे दफन. गावाने आपली पद्धत लादू नये.

टाळा: शवपेटीवरच्या तिरंग्याला हात लावणं. ध्वजसंहितेनुसार केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो आणि ध्वज चितेत किंवा कबरीत जात नाही. तो काढून, घडी घालून घरच्यांच्या हाती दिला जातो. ते काम तुकडीतल्या जवानांचं आहे, पुढाऱ्याचं नाही.

टाळा: सलामीच्या फैरी झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या उचलायला धावणं. तुकडीला त्यांचा हिशेब द्यावा लागतो.

टाळा: रडणाऱ्या बायकोच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरणं. यावर अधिक लिहायची गरज नसावी, पण आहे.

मौन

मौन पाळायला वऱ्हाडाला कोणी शिकवू नये. गुरुकुंज मोझरीला दरवर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं एकदम गप्प होतात. महाराज १९६८ साली त्याच मिनिटाला गेले. एवढ्या गर्दीत एक शब्द ऐकू येत नाही. हेच लोक गावातल्या शहिदाच्या स्मृतिदिनाला डीजे लावतात, हे मला कधीच उमगलेलं नाही.

करा: ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, सकाळी ११ वाजता दोन मिनिटं थांबा. भोंगा वाजो न वाजो. शेतात असाल तर शेतात, एसटीत असाल तर एसटीत.

करा: पोरांना मौनाआधी नाव सांगा. कोणासाठी उभं राहायचं ते ठाऊक नसेल तर पोरगं चुळबूळ करणारच.

टाळा: ‘श्रद्धांजली’च्या नावाखाली बाइक रॅली, हॉर्न आणि कर्कश घोषणा. एक ‘अमर रहे’ पुरे.

नाव आणि स्मारक

करा: पूर्ण नाव लिहा. उरीनंतर पहिल्या यादीत आपल्या उईकेंचं नाव ‘उईके जानराव’ असं आलं. आडनाव होतं, वडिलांचं नाव होतं, ‘पंजाब’ गायब. यवतमाळचे विकास कुळमेथे ‘विकास जनार्दन’ झाले. लष्करी कागदपत्रांत हे होतं. गावातल्या दगडावर होऊ नये. स्वतःचं, वडिलांचं नाव, आडनाव, हुद्दा, पलटण, जन्मतारीख, कुठे आणि कधी पडला, एवढं तरी दगडावर हवंच. मजकूर कोरण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा.

करा: अपघातात, हिमस्खलनात किंवा आजारपणाने कर्तव्यावर गेलेल्याचंही नाव त्याच दगडावर घ्या. सरकारी लाभांच्या वर्गवाऱ्या वेगळ्या असतात, गावाने माणसांची प्रतवारी लावू नये.

करा: पोलिसांना विसरू नका. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याला भूसुरुंगात १५ पोलीस गेले, त्यांत आपल्या भागातलेही होते. पोलिसांचा स्मृतिदिन २१ ऑक्टोबर. लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला १९५९ साली पडलेल्या पोलिसांवरून तो ठरला. सीआरपीएफही पोलीस दलांतच मोडतं. त्यामुळे पुलवामातले सीआरपीएफचे जवान लष्कराच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या नव्हे, दिल्लीत चाणक्यपुरीतल्या पोलीस स्मारकाच्या परंपरेतले.

टाळा: ज्या फलकावर शहिदाच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे आहेत तो फलक.

टाळा: स्मारक बांधून कुलूप घालणं. वर्षातून दोनदा पाण्याने धुतलेला साधा चौथरा परवडला.

घर

खरी परीक्षा इथे आहे. पहिल्या महिन्यात घरात पाय ठेवायला जागा नसते, दुसऱ्या वर्षी दारात कोणी नसतं.

करा: कागदांत मदत करा. सातबाऱ्यावर वारसाची नोंद, फेरफार, बँकेतलं खातं, मुलांचे दाखले. सेवापुस्तकात एक नाव, आधारवर दुसरं, लग्नाची नोंद तिसरीकडे, अशा घोळात निवृत्तिवेतन अडकतं. लष्करी निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळतं आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. गावातल्या संगणक येणाऱ्या एका पोराने हे अंगावर घेतलं तर ते दहा सत्कारांच्या बरोबरीचं आहे.

करा: अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जा. वीरपत्नीच्या हक्कांची चौकशी तिथेच करायची असते. एकटी बाई पहिल्यांदा जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा मारते तेव्हा सोबतीला गाव असावं.

करा: पेरणीला आणि कापूस वेचणीला हात लावा. जून आला की घरातला पुरुष नसणं शिवारात दिसतं.

टाळा: ‘किती मिळाले?’ हा प्रश्न. पारावरही नको.

टाळा: वीरमाता आणि वीरपत्नी यांच्यात बाजू घेणं. मदतीच्या वाटणीवरून घरात ताण येतो, हे नैसर्गिक आहे. पाहुण्यांनी आणि पुढाऱ्यांनी तेल ओतू नये. सुनेने पुन्हा लग्न करावं की नाही, हे तर गावाच्या अजेंड्यावरच नको.

टाळा: मंत्री यायचेत म्हणून वीरमातेला एप्रिलच्या उन्हात मंडपात ताटकळत बसवणं. अकोल्याचं ऊन काय असतं ते सांगायला नको. सत्कार करायचा तर तिच्या घरी जा, शाल-नारळ तिथे द्या, चहा घ्या, निघा.

पैसा आणि मोबाइल

करा: ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला पैसे द्या आणि पावती मागा. छातीवर लावायच्या त्या छोट्या ध्वजात लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन रंग असतात: भूदल, नौदल, हवाई दल. शाळेत मुलांना पैसे आणायला सांगताना गुरुजींनी एवढं तरी सांगावं. सीआरपीएफसारख्या दलांच्या कुटुंबांसाठी केंद्राचं ‘भारत के वीर’ हे संकेतस्थळ २०१७ पासून आहे.

टाळा: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवणं. शहिदाच्या फोटोखाली कुणाचं खातं आहे ते फोटोवरून कळत नाही.

टाळा: १४ फेब्रुवारीला ‘आज भगतसिंगांना फाशी झाली’ हा निरोप पुढे ढकलणं. ती तारीख २३ मार्च १९३१. पुलवामाचे ४० जवान त्या दिवशी आठवायला पुरेसे आहेत.

टाळा: शहिदाचं नाव घेऊन शेजारच्या वस्तीला शिव्या देणं. ज्याच्या नावाने भांडता, तो कोणत्याही वस्तीतल्या माणसासोबत एकाच बंकरमध्ये झोपत होता.

आता एक विनंती. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. तुमच्या गावात शहिदाचं घर असेल तर येत्या सभेत एक ठराव मांडा: त्या घराच्या कागदांची, शेताची आणि मुलांच्या शिक्षणाची विचारपूस वर्षभर कोण करणार, त्या माणसाचं नाव लिहून घ्या. पुढच्या वर्षी त्याच सभेत त्याला विचारा.