देवाचे रान आणि आपली मुले
(भाविक कुटुंबे, शालेय सहली व युवक मंडळे यांच्यासाठी अभ्यासपाठ)

श्रीक्षेत्र भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून भारतभर प्रसिद्ध आहे. श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस येथे भाविकांची रीघ लागते. मात्र येथे येणारा प्रत्येक यात्रेकरू, त्याला जाणीव असो वा नसो, एकाच वेळी दोन ठिकाणी येत असतो. एक म्हणजे श्रीशंकराचे मंदिर आणि दुसरे म्हणजे त्या मंदिराला वेढून असलेले अरण्य. मंदिरात कसे वागावे हे मुले घरातच शिकतात. पादत्राणे बाहेर काढावीत, रांग मोडू नये, गाभाऱ्यात मोठ्याने बोलू नये, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. अरण्यात कसे वागावे हे मात्र पुष्कळदा त्यांना कोणीच सांगितलेले नसते. ती उणीव भरून काढणे हा या पाठाचा हेतू आहे.

क्षेत्राचे अरण्य

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० फूट उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्यावर हे क्षेत्र वसले आहे. पावसाळ्यात येथे अतोनात पर्जन्यवृष्टी होते आणि त्यामुळेच येथे सदाहरित व निमसदाहरित वनराई टिकून राहिली आहे. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजन, ऐन अशा वृक्षांची येथे दाटी आहे. पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेला सुमारे १३१ चौरस किलोमीटरचा प्रदेश १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. अभयारण्यातील झाडे, वेली वा प्राण्यांना इजा करणे, ते घेऊन जाणे अथवा तेथे आग लावणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

येथेच भीमा नदीचा उगम होतो. मुलांना नकाशा उघडून हा प्रवास अवश्य दाखवावा. उगमापासून निघालेली भीमा राजगुरुनगरजवळ चासकमान धरणात साठते. पुढे तुळापूर येथे तिला आळंदीहून आलेली इंद्रायणी मिळते. त्यानंतर ती उजनीच्या जलाशयात येते, पंढरपुरात चंद्रभागा हे नाव धारण करते आणि शेवटी कर्नाटकात कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. उगमाच्या ओढ्यात कोणी साबण लावून कपडे धुतले, तर ते पाणी कोणत्या गावांच्या वाटेने जाते हे एवढ्यावरून मुलांना आपोआप समजते. चंद्रभागेत श्रद्धेने स्नान करणाऱ्या वारकऱ्याचे पाणी येथे सुरू होते, हे ज्या मुलाला कळले त्याला ‘पाणी घाण करू नकोस’ असे पुन्हा बजावण्याची फारशी गरज उरत नाही.

देवराईची शिकवण

वनाचा उपभोग घ्यावा, पण मर्यादेने, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त रयतेची आंबा-फणसासारखी झाडे जबरदस्तीने तोडण्यास सक्त मनाई आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे कारणही तेथे दिले आहे. आज्ञेबरोबर कारणही सांगितलेले आहे, ही गोष्ट शिकवणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी.

याहूनही जुनी परंपरा देवराईची. सह्याद्रीतील अनेक गावांनी रानाचा एक भाग ग्रामदेवतेच्या नावाने राखून ठेवला. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही. पुष्कळ ठिकाणी तर खाली पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक होता. भीमाशंकर परिसरात आहुपे येथे अशी देवराई आहे. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ या पुण्याच्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले, तरी देवराईत जुने वृक्ष, दुर्मीळ वेली आणि बारमाही झरे टिकून राहिले होते, असे त्यांना आढळले. देवाच्या नावाने राखलेल्या रानाने गावाला पाणी दिले.

देवराईतील नियम पाळले जात, ते फलक लावले होते म्हणून नव्हे. आजा नातवाला हाताशी धरून तेथे नेत असे. पायांतील वहाणा काढून तो स्वतः आत पाऊल टाकी आणि नातू ते पाहत असे. संपूर्ण गाव एकच नियम पाळत असल्यामुळे मुलाला तो निराळा शिकावा लागत नसे. त्यामागे देवतेच्या कोपाचे भयही होते, हे खरे. परंतु आज दूरच्या शहरांतून मोटारीने येणाऱ्या तरुणाला त्या ग्रामदेवतेचे नावही माहीत नसते. जेथे भय ओसरले आहे तेथे त्याची जागा ज्ञानाने आणि आपुलकीने घेतली पाहिजे. अन्यथा ती जागा बेफिकिरी घेईल.

आधी ओळख, मग नियम

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शालेय शिक्षणात पर्यावरणाचा अंतर्भाव करण्याविषयी निर्देश दिले. त्यानंतर हा विषय शाळाशाळांतून शिकवला जाऊ लागला. तरीही परीक्षेत प्रदूषणावर उत्तम उत्तर लिहिणारा विद्यार्थी सहलीत वेफर्सची पिशवी झुडपात टाकताना दिसतो. त्याला नियम पाठ असतो, पण त्या झुडपाची ओळख नसते. म्हणून वडीलधाऱ्यांनी व शिक्षकांनी मनाईची यादी वाचून दाखवण्याआधी मुलांना अरण्याची ओळख करून द्यावी. त्यासाठी तीन सोपे पाठ पुढे दिले आहेत.

पहिला पाठ शेकरूचा. शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठी, तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची खार. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून भीमाशंकर हे त्याचे हक्काचे घर मानले जाते. शेकरू क्वचितच जमिनीवर उतरतो. एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर झेप घेत तो रानभर फिरतो, आणि उंच शेंड्यांजवळ काटक्या व पाने रचून गोल घरटी बांधतो. त्याला एकच घरटे पुरत नाही. तो अनेक घरटी बांधून ती आलटूनपालटून वापरतो. मुलांना मान वर करून ही घरटी शोधायला लावावे. मग विचारावे, मधली दोन झाडे तोडली तर शेकरू पलीकडे कसा जाईल? उत्तर मुलेच देतील, त्याला खाली उतरावे लागेल, आणि खाली कुत्री, बिबट्या व वाहने आहेत. झाडे का तोडू नयेत हे मग निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा पाठ अन्नाचा. मंदिर परिसरातील माकडांना प्रसाद, केळी, बिस्किटे देण्यात अनेकांना पुण्य वाटते. भावना चांगली असली, तरी परिणाम उलटा होतो. आयते अन्न मिळाले की माकडे रानातील फळे शोधणे सोडून वाटेवर येऊन बसतात. पुढे ती पिशव्या हिसकावतात, लहान मुलांना चावतात आणि वाहनांखाली मरतात. जंगलातील माकड फळे खाऊन बिया दूरवर टाकते आणि नवे झाड रुजवते, ते कामही थांबते. रानातील जीवाला स्वतःचे अन्न स्वतः शोधू देणे हेच त्याच्यावरील खरे प्रेम, हे मुलांना समजावून सांगावे.

तिसरा पाठ शांततेचा. चिमाजी अप्पांनी १७३९ मधील वसईच्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा या क्षेत्री प्रसिद्ध आहे. घंटानाद हा देवळाचा धर्म. अरण्याचा धर्म शांतता आहे. वाटेवर एखादी सावलीची जागा पाहून मुलांना दहा मिनिटे न बोलता बसवावे आणि त्यानंतर किती निरनिराळे आवाज ऐकू आले ते प्रत्येकाला सांगायला लावावे. ज्याने एकदा रान ऐकले, तो दुसऱ्या वेळी ध्वनिवर्धक घेऊन येत नाही. पक्ष्यांची आवड लावण्यास ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ विशेष सोयीचा. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंतचा हा सप्ताह राज्य शासनाने २०२० साली घोषित केला.

आनंद आणि सावधानता

तरुणांनी डोंगर चढावेत, पावसात चिंब व्हावे, धबधबे डोळे भरून पाहावेत. या वयाला धाडसाची ओढ असणे स्वाभाविक आहे आणि ती मारून टाकणे इष्ट नाही. तिला शिस्तीची जोड मात्र हवी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. डोंगरावर पाऊस पडत असला की खालच्या ओढ्याचे पाणी काही मिनिटांत वाढते. आपण उभे आहोत तेथे पाऊस नसला, तरीही असे घडू शकते. पाणी गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा व काटक्या वाहू लागणे आणि आवाज वाढणे या तीन खुणा प्रत्येक मुलाला ठाऊक असाव्यात. त्या दिसताच काठ सोडावा.

कोकणातून खांडसमार्गे पायी येणाऱ्यांसाठी गणेश घाट व शिडी घाट अशा दोन वाटा आहेत. शिडी घाट नावाप्रमाणेच शिड्यांचा व कड्यालगतचा आहे. पावसाळ्यात लहान मुले वा नवखे सोबती असतील तर तो टाळून गणेश घाटानेच यावे. नागफणीसारख्या ठिकाणी दाट धुक्यात कड्याची धार दिसत नाही, म्हणून छायाचित्राच्या मोहाने कडेला जाऊ नये. परत फिरण्याचा निर्णय घेणारा गटप्रमुख भित्रा नसतो, ही गोष्ट युवक मंडळांनी आपल्या सभासदांच्या मनावर बिंबवावी.

आपण पाहुणे आहोत

हे अरण्य निर्मनुष्य नाही. महादेव कोळी समाजाची वस्ती येथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. रानातील बाळहिरडा गोळा करून विकणे हा अनेक घरांचा आधार आहे. गंमत म्हणून मोडलेली हिरड्याची फांदी म्हणजे कोणाच्या तरी संसारातील मिळकत होय. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मधमाश्यांची त्या फुलोऱ्यावर झुंबड उडते. तो तुडवला गेला तर पुढील फुलोऱ्यासाठी तितकीच वर्षे थांबावे लागते. ही माहिती गावकऱ्यांना पाठ असते. सहलीने स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि मुलांना त्याच्याशी बोलू द्यावे. झाडांची नावे, वाटा आणि पावसाची लक्षणे यांबाबत त्याच्यासारखा शिक्षक मिळणे कठीण.

प्रवासाला निघण्यापूर्वीची उजळणी

१. पाण्याची बाटली, डबा व कापडी पिशवी घरूनच आणावी. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलची ताटे यांवर बंदी आहे.
२. आपला कचरा आपल्यासोबत परत न्यावा. त्यासाठी प्रत्येक मुलाजवळ एक रिकामी पिशवी द्यावी.
३. मळलेली पायवाट सोडू नये. आडवाटांमुळे माती सुटते व पावसात वाहून जाते.
४. बेल, फुले, ऑर्किड, दगड वा घरटी रानातून घेऊ नयेत. पूजेचे साहित्य रानाबाहेरून आणावे.
५. उन्हाळ्यात विडी, सिगारेट वा चूल यांची एक ठिणगीही वणव्यास कारण होते. रानात आग पेटवू नये.
६. ओढ्यात वा तळ्यात साबण वापरू नये, निर्माल्य टाकू नये.
७. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. संकटसमयी ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. रानात सर्वत्र संपर्क होत नाही, म्हणून आपली वाट व परतण्याची वेळ घरी कळवून निघावे.

देणगीदारांस निवेदन

देवस्थानांना दान देण्याची आपली परंपरा थोर आहे. कोणी घंटा देतो, कोणी पायऱ्या बांधतो, कोणी अन्नदान करतो. त्याच श्रद्धेने एखाद्या ग्रामीण शाळेच्या वर्गाला वाटाड्यासह एक दिवस अरण्य दाखवण्याचा खर्च उचलणे, मुलांसाठी दुर्बीण वा पक्ष्यांची पुस्तके देणे, यात्रेकरूंसाठी कापडी पिशव्या पुरवणे, हेही दानच होय. अशा दानावर नावाची पाटी लागत नाही. पण त्या वर्गातील एखादा मुलगा वा मुलगी मोठेपणी रानाची राखण करील, हा लाभ लहान नाही.

मुलांना काय शिकवावे याचा विचार करताना थोरांनी एवढे ध्यानात ठेवावे की मुले ऐकतात थोडे आणि पाहतात पुष्कळ. वडिलांनी वाकून दुसऱ्याने टाकलेला कागद उचलला, तर मुलाला तो धडा जन्मभर पुरतो. पूर्वी देवराईत आजाने वहाणा काढल्या आणि नातवाने ते पाहिले, म्हणून ते रान आपल्यापर्यंत पोहोचले. आता पाहणारी मुले आपली आहेत.

श्रीभीमाशंकर सर्व भाविकांची यात्रा सुखरूप व सुफळ करो.