कुत्र्याची खोड सोडवायला किती खर्च येतो?

बेल वाजली की पाहुण्यांच्या अंगावर उड्या, बाल्कनीतून दिवसभर भुंकणं, चपला कुरतडणं, फिरायला नेलं की पट्टा ओढणं. यासाठी पुण्या-मुंबईत ट्रेनर शोधायला गेलात, तर घरी येऊन तासभर शिकवायचे साधारण ५०० ते १,५०० रुपये सांगितले जातात. दोन-तीन महिन्यांचं पॅकेज १५ ते ३० हजारांच्या घरात जातं. एवढे पैसे एकरकमी देऊ नका. चार-पाच तासांचेच द्या आणि त्या वेळात ट्रेनरने कुत्र्याबरोबर घरातल्या माणसांनाही शिकवावं, हे आधीच ठरवून घ्या. कुत्रा घरच्यांजवळ राहणार आहे, ट्रेनरजवळ नाही.

खरा नियमित खर्च बक्षीस म्हणून द्यायच्या खाऊचा, आणि तो फार नाही. पाव किलो बोनलेस चिकन शंभरेक रुपयांना येतं. मीठ-मसाला न घालता उकडा आणि हरभऱ्याएवढे तुकडे करा. रोज तीसेक तुकडे दिले तरी पाच-सहा दिवस पुरतात, म्हणजे महिन्याला पाच-सहाशे रुपये. शाकाहारी घरात पनीर चालतं, गाजरही. आपल्या ताटातला रस्सा मात्र नको, कारण कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतात. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुकाही तशाच. खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ देऊ नका. तेवढं जेवण कमी करा.

आता बेलचंच बघू. घरातल्या एकाने बाहेर जाऊन बेल वाजवायची. कुत्रा उडी मारेल, तेव्हा ओरडू नका, ढकलू नका. त्यालाही तो खेळच समजतो. पाठ फिरवून गप्प उभे राहा. चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी तुकडा द्या. तीन-चार सेकंद गेले तर बक्षीस कशाचं, हे त्याला कळत नाही. जमू लागलं की ‘बस’ म्हणा, बसला की द्या. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. मधे एक टप्पा असा येतो की उड्या उलट वाढतात. एवढे दिवस चालणारी युक्ती चालेना, म्हणून तो जोर लावून बघतो. नेमके इथेच लोक कंटाळतात आणि आजी किंवा मुलं ‘जाऊ दे बिचारा’ म्हणून लाड करतात. तसं झालं की जोर लावला तर मिळतं, एवढंच तो शिकतो. घरात नियम एकच हवा.

वस्तूंमध्ये छातीवरून बांधायचा हार्नेस (५०० ते १,००० रुपये) आणि चावायला एक मजबूत रबरी खेळणं घ्या. बक्षिसाआधी ‘टिक’ आवाज करायचा क्लिकर शंभर-दोनशेला मिळतो, पण तो नसला तरी अडत नाही. शॉक देणारा किंवा काटेरी पट्टा कोणी सुचवला, तर त्या ट्रेनरला तिथेच नमस्कार करा. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्वच कुत्र्यांसाठी बक्षिसाची पद्धत सुचवली आहे. आणि आपल्याकडे १९६० च्या कायद्याने प्राण्याला क्रूरपणे मारणं गुन्हा आहे.

शिकलेला कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला किंवा हात लावताच गुरगुरू लागला, तर ट्रेनरच्या आधी पशुवैद्याला दाखवा. तपासणीचे ३०० ते ८०० रुपये पडतात, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा सांधेदुखी निघाली तर शिकवणीचा खर्च करावाच लागत नाही.