ॲल्युमिनियमची वेल्डिंग केलेली मासेमारी नौका : बांधणीचा क्रम व पारख

कोकण किनाऱ्यावर होडी म्हटले म्हणजे सागवान अथवा तत्सम कठीण लाकूड, काथ्याकापसाने बुजविलेल्या सांधी आणि अलीकडच्या काळात काचतंतूचा साचा, एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यांची, वेल्डिंगने सांधलेली मासेमारी नौका आपल्याकडे क्वचितच दृष्टीस पडते. अशा नौकेचा खरा प्रसार अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, विशेषतः अलास्का प्रांतात, झालेला आहे. तेथील बांधणीची पद्धत समजून घेतल्यास धातूच्या नौकेत कोणते गुण असतात आणि तिच्यात दोष कोठे लपून राहतात याचा बोध होतो. म्हणून तेथील ब्रिस्टल उपसागरातील नौकेचे उदाहरण येथे घेतले आहे.

या उपसागरात दरवर्षी जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत लाल सामन मासा समुद्रातून नद्यांच्या मुखाकडे फार मोठ्या संख्येने येतो. कोळ्याची वर्षाची बहुतेक कमाई या थोड्या आठवड्यांत व्हावयाची असते. त्या दिवसांत नौका एक आठवडा दुरुस्तीला पडली, तर बुडालेले उत्पन्न पुढील वर्षापर्यंत भरून येत नाही. शिवाय पाणी इतके थंड असते की त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच वेळात निकामी होतात. याकरिता सांध्याचा पक्केपणा हा तेथे जीविताचा व चरितार्थाचा प्रश्न होऊन बसतो.

तेथील सरकारी नियमाने जाळे सोडून मासेमारी करणाऱ्या नौकेची एकंदर लांबी ३२ फुटांहून अधिक असता कामा नये. याच नियमांखाली १९५१ पर्यंत यंत्रालाही बंदी होती आणि तोपर्यंत तेथे शिडाच्याच होड्या चालत. लांबी वाढविता येत नाही म्हणून मालक रुंदी वाढवितात. अलीकडच्या काही नौका १५-१६ फूट रुंद असतात, म्हणजे लांबीच्या जवळजवळ निम्म्या! दिसावयास त्या बोजड खऱ्या, परंतु एका परवान्यावरील ९०० फूट जाळे व थंड पाण्यात ठेवलेली मासळी एवढे सारे ३२ फुटांत बसविणे हेच तेथील बांधणाऱ्याचे कसब होय. त्यातच भरती-ओहोटीतील अंतर मोठे असल्यामुळे नौका वारंवार चिखलात टेकते. म्हणून तळ उथळ व मजबूत लागतो. मालकाच्या अशा गरजा लक्षात घेऊन प्रत्येक नौकेचा आराखडा थोडाफार निराळा केला जातो.

ॲल्युमिनियमचे वजन त्याच आकारमानाच्या पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते. मात्र त्याचा ताठपणाही पोलादाच्या एकतृतीयांशच असल्यामुळे पत्रा अधिक जाड घ्यावा लागतो व आतील आधार जवळजवळ द्यावे लागतात. एवढे करूनही नौका पोलादी नौकेपेक्षा पुष्कळच हलकी होते, कमी पाण्यात तरंगते आणि वाचलेल्या वजनाइतकी मासळी जास्त घेऊ शकते.

भांड्यांसाठी वापरला जाणारा पत्रा या कामी निरुपयोगी होय. समुद्रासाठी ५०८३ किंवा ५०८६ या क्रमांकांचा मिश्रधातू घ्यावयाचा असतो. त्यात मॅग्नेशियम सुमारे ४ टक्के असते व तो खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो. नळ्या व पट्ट्यांसाठी ६०६१ क्रमांकाचा धातू वापरतात. तो मुळात बळकट असला तरी वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ त्याचे बळ बरेच घटते. म्हणून जेथे मोठा ताण येतो तेथे असा सांधा ठेवीत नाहीत. तळाचा पत्रा बहुधा ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड व बाजूंचा त्याहून थोडा पातळ असतो.

आराखड्यावरून पत्रे यंत्राने कापून आणतात. किरकोळ कापणी सुताराच्या गोल करवतीनेही होते. दाते मात्र कठीण कार्बाइडचे लागतात. लोखंडावर चाललेली घासचाके व ब्रश ॲल्युमिनियमला लावू नयेत, कारण लोखंडाचे कण पत्र्यात रुतून तेथून गंज व खळगे सुरू होतात. याच कारणासाठी चांगल्या कारखान्यात दोन्ही धातूंची हत्यारे वेगवेगळी ठेवलेली आढळतात.

त्यानंतर कणा, म्हणजे कोकणातील सुतार ज्यास पठाण म्हणतात तो, भक्कम चौकटीवर सरळ रेषेत बसवितात. कोणी नौका पालथी बांधतात, कोणी उताणी. पालथ्या बांधणीत तळाचे वेल्डिंग खाली वाकून करता येते, पण पुढे सारा सांगाडा उलटवावा लागतो. आडव्या बरगड्या व आडभिंती उभ्या करून त्यांवरून नाळेपासून पिछाडीपर्यंत लांब पट्ट्या नेतात आणि मग त्यांवर पत्रे चढवितात. प्रारंभी सर्व भाग लहान टाक्यांनीच धरून ठेवतात व मापे पुन्हा तपासतात. या टप्प्यावर नौका वाकडी आढळली तर टाके तोडून ती सरळ करता येते. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर ते शक्य होत नाही.

वेल्डिंगचे काम सर्वांत नाजूक होय. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते व थंड होताना तितकेच आखडते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग सांधत गेल्यास पत्रा पिळवटतो. याकरिता मध्यापासून बाहेर, आलटून पालटून दोन्ही बाजूंस, थोडे थोडे अंतर सोडून सांधावे लागते. पत्रा प्रत्येक बरगडीला गच्च सांधला तर बाजू उपाशी बैलाच्या फासळ्यांसारख्या दिसू लागतात. म्हणून पुष्कळ कारागीर तो मुख्यतः लांब पट्ट्यांनाच जोडतात.

धातूवर हवेने ऑक्साइडचा पातळ थर आपोआप जमतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, परंतु हा थर २,००० अंशांपलीकडेही वितळत नाही. तो न काढता सांधा केला तर वरून सुबक दिसणारी शिवण आतून चिकटलेलीच नसते. म्हणून सांध्याच्या कडा प्रथम तेलविरहित करून नंतर गंजरहित पोलादाच्या ब्रशाने घासतात. ओलाव्याचेही भय असते. त्यातील हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि धातू थिजताना बुडबुड्यांच्या रूपाने अडकून राहतो. सांध्यावर आर्गॉन वायूचे आवरण ठेवून, यंत्रातून सरकणाऱ्या तारेने वेल्डिंग करतात. वाऱ्याने हे आवरण उडते, त्यामुळे उघड्या किनाऱ्यावर किंवा पावसाळी हवेत हे काम करू नये.

तळाच्या मुख्य सांध्यात एक बाजू भरल्यावर मागील बाजूने निर्दोष धातू दिसेपर्यंत खोदतात व मग ती भरतात. हे खोदकाम वेळखाऊ असल्यामुळे घाईत तेच गाळले जाते, आणि रंग व फळ्या बसल्यानंतर ही चूक कोणाच्या नजरेस येत नाही. मालकाने नौका तयार झाल्यावर पाहण्यापेक्षा तळ मिटण्यापूर्वी एकदा कारखान्यात जाणे अधिक हिताचे होय. संशयित सांध्यावर भेगेत शिरणारा रंग लावून परीक्षा होते. इंधनाच्या टाक्यांत अगदी कमी दाबाची, दर चौरस इंचास दोन-तीन पौंडांपेक्षा अधिक नाही अशी, हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. जेथे फेस फुगतो तेथे गळती असते.

मासळीच्या कप्प्यांभोवती उष्णतारोधक फेस भरतात. त्यात पाणी मुरल्यास पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून प्रत्येक बरगडीच्या तळाशी पाणी वाहून जाण्यास भोके ठेवणे व ती मोकळी राखणे अगत्याचे असते. ओले लाकूड किंवा चिंध्या पत्र्याला चिकटून राहिल्यासही हाच परिणाम होतो.

खाऱ्या पाण्यात तांबे व ॲल्युमिनियम यांचे वैर आहे. तळावर तांबेयुक्त रंग लावू नये आणि पितळी झडपा पत्र्याला थेट जोडू नयेत. तळाच्या पाण्यात पडलेला तांब्याचा नाण्याएवढा तुकडाही पत्र्याला भोक पाडू शकतो. पाऱ्याचा थेंबही तितकाच घातक. तो थर मोडून धातू पोखरतो. विजेच्या दोन्ही तारा स्वतंत्र नेऊन नौकेचे अंग प्रवाहापासून अलग ठेवतात व तळाला जस्ताचे तुकडे लावतात. नौकेऐवजी हे तुकडेच झिजतात, त्यामुळे ते वेळोवेळी बदलावे लागतात आणि त्यांना रंग लावावयाचा नसतो.

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तीन टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम असलेला हा मिश्रधातू ६५ अंश सेल्सियसच्या वर दीर्घकाळ तापत राहिल्यास त्याची समुद्राच्या पाण्याला तोंड देण्याची शक्ती कमी होते व त्याला भेगा पडू लागतात. कडक उन्हात काळ्या रंगाची डेक सहज एवढी तापते, म्हणून रंग फिकट द्यावा आणि यंत्राची धुराची नळी पत्र्यापासून दूर ठेवावी. एखाद्या संस्थेने अशी नौका मागविण्याचे ठरविल्यास कार्यकर्त्याने प्रथम जवळच्या बंदरात आर्गॉनवर ॲल्युमिनियम सांधणारा अनुभवी कारागीर आहे काय याची चौकशी करावी. फुटलेली फळी गावचा सुतार बदलू शकतो. भेग गेलेल्या ॲल्युमिनियमवर मात्र लोखंडाच्या वेल्डरचा काही उपयोग होत नाही. पहिल्या हंगामानंतर यंत्राच्या बैठकीचे कोपरे, आडभिंतीची टोके आणि जाळे ओढण्याच्या रहाटाचे पाय बारकाईने तपासावेत. सततच्या हादऱ्यांनी भेग बहुधा तेथूनच सुरू होते.