पिशवीला गाठ मारण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात एक कचरावेचक ताई दवाखान्यात आल्या. ओल्या कचऱ्याची पिशवी मोकळी करताना त्यांच्या तळहातात इन्सुलिनची सुई घुसली होती. जखम टाचणीएवढी, पण सुई कोणाची, त्या माणसाला कोणता आजार, काहीच कळायला मार्ग नव्हता. मग धनुर्वाताचं इंजेक्शन, हेपॅटायटिस बीची लस आणि सहा महिने रक्ताच्या तपासण्या. ताईंचा प्रश्न एकच होता, "डॉक्टर, लेकराला जवळ घेतलं तर चालेल ना?" चालेल, असं मी ठामपणे सांगितलं. तरी त्यांचे डोळे भरून आले.

वाचकहो, पुण्यात आपला कचरा आजही माणसांच्या हातांनी निवडला जातो. म्हणून कचऱ्याचं वर्गीकरण हाही मला आरोग्याचाच सल्ला वाटतो.

घातक कचरा : वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावू नका, तेव्हाच बोटाला टोचते. फरशी पुसायच्या द्रवाची जाड रिकामी बाटली घ्या, सुया तिच्यात टाका. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर 'सुया' असं लिहा आणि वेगळी द्या. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते पुडकं कोणी उघडणार नाही. उरलेली अँटिबायोटिक्स बेसिनमध्ये ओतू नका. पाण्यात मिसळलेल्या औषधांनी जंतू निर्ढावतात.

ओला कचरा : आपल्या घरातला साधारण निम्मा कचरा ओला असतो. तो उघड्यावर साचला की उंदीर येतात आणि त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पावसाच्या पाण्यात उतरतात. भोकं पाडलेल्या टोपलीत तळाला वाळकी पानं, वर भाजीची देठं-सालं, त्यावर थोडं कोकोपीट आणि आंबट ताकाचा शिपका, असे थर द्या. अधूनमधून खालीवर करत राहिलात, तर दोन-तीन महिन्यांत कुंड्यांना खत मिळेल.

सुका कचरा : दुधाच्या पिशव्या, डबे विसळून, वाळवून द्या. खरकटं लागलेला कागद रद्दीतही जात नाही. करवंट्या, जुने टायर, फुटके मग गच्चीत ठेवू नका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात.

पालापाचोळ्यासोबत प्लास्टिक जाळणं मात्र आजच थांबवा. त्या धुराने दम्याच्या मुलांना झटका येतो, हे मी दर हिवाळ्यात पाहते.

मुळात कचरा घरात कमी आणला, तर पुढचं सगळं सोपं होतं. मटण-मासळी आणायला स्टीलचा डबा न्या, भाजीला कापडी पिशवी. एकदाच वापरायचे पेले-ताटल्या घरच्या कार्यातून हद्दपार करा.

आणि कोणालाही अशी सुई टोचलीच, तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं डॉक्टरांना गरजेची वाटली, तर ती 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

ताईंचा सहाव्या महिन्याचा रिपोर्ट निर्दोष आला. तो घ्यायला त्या कामावरूनच आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा आपल्याच पिशव्या उघडायच्या होत्या.