लिटल रॉकचे नऊ विद्यार्थी : हुकूम कुठपर्यंत पोहोचतो?

शाळेत जाण्यासाठी विद्यार्थ्यांना सैन्याचे संरक्षण लागावे, ही गोष्ट आज खोटी वाटते. पण १९५७ साली अमेरिकेतील अर्कान्सास राज्यात, लिटल रॉक या शहरात, हे खरोखर घडले. उद्या आपल्यापैकी अनेकांना हुकूम पाळायचे आणि द्यायचेही आहेत. म्हणून या प्रसंगाचा अभ्यास आपण करायला हवा, असे मला वाटते.

पार्श्वभूमी

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांसंबंधीच्या एका खटल्यात असा निकाल दिला की, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांसाठी वेगवेगळी सोय ठेवण्यास हरकत नाही. फक्त ती सोय समान असावी. या आधारावर दक्षिणेकडील राज्यांत शाळा, बस, दवाखाने, पाण्याचे नळसुद्धा वेगळे राहिले. ते वेगळे होते, पण समान कधीच नव्हते. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना पैसा कमी मिळे आणि पुस्तके बहुधा गोऱ्यांच्या शाळांनी वापरून टाकलेली असत.

केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने एक साधा प्रयोग केला. लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी एक गोरी आणि एक काळी बाहुली ठेवली आणि यातली चांगली कोणती, असे विचारले. बहुतेक मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवले. इतक्या लहान वयात ही मुले स्वतःलाच कमी समजू लागली होती. वेगळे बसवण्याने होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की, शिक्षणात वेगळेपणा आणि समानता एकत्र नांदू शकत नाहीत. हा खटला थर्गूड मार्शल आणि त्यांच्या सहकारी वकिलांनी लढवला होता. पुढे मार्शल स्वतः त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

४ सप्टेंबर १९५७

लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये सुमारे १,९०० गोरे विद्यार्थी होते. तेथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. पण राज्याचे गव्हर्नर ऑरव्हल फॉबस यांनी त्यांना अडवण्यासाठी शाळेभोवती नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या सेनादलाचे, जवान उभे केले.

त्या दिवशी सर्वांनी एकत्र जायचे ठरले होते. एलिझाबेथ एकफर्ड हिच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे तिला निरोप मिळाला नाही. स्वतः शिवलेला नवा पोशाख घालून ती एकटीच निघाली. तिचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे होते, म्हणजे आज माझे आहे तेवढेच. जवान गोऱ्या मुलांना आत सोडत होते. ती जवळ येताच त्यांनी बंदुका आडव्या केल्या. मागे ओरडणारा जमाव होता. ती धावली नाही. चालत बसथांब्यापर्यंत गेली आणि तेथील बाकावर बसून राहिली.

सैन्य येते

न्यायालयाच्या आदेशानंतर गव्हर्नरने जवान काढून घेतले. २३ सप्टेंबरला ही मुले बाजूच्या दाराने आत गेली, पण बाहेरचा जमाव आवरेना म्हणून दुपारपूर्वीच त्यांना बाहेर काढावे लागले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजाराहून अधिक सैनिक लिटल रॉकला पाठवले. आयझेनहॉवर स्वतः दुसऱ्या महायुद्धातील सेनापती होते. राज्याचे नॅशनल गार्डही त्यांनी केंद्राच्या हुकमाखाली आणले. २५ सप्टेंबरला सैनिकांच्या पहाऱ्यात नऊही मुले पुढच्या दाराने शाळेत गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या नॅशनल गार्डने सुरुवातीला या मुलांना अडवले, त्यालाच नंतर त्यांच्या रक्षणाचे काम मिळाले. गणवेश तोच होता, हुकूम बदलला होता. गणवेशाची ताकद कोणत्या कामासाठी वापरली जाते, यावरच त्याचा मान ठरतो.

वर्गाच्या आत

प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर एक सैनिक असे. पण तो वर्गाच्या दारापर्यंतच येई. वर्ग, स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली येथे त्याला परवानगी नव्हती आणि नेमका तेथेच त्रास होई. धक्के, शिव्या, थुंकणे वर्षभर चालू राहिले. मिनीजीन ब्राउन हिने त्रासाला प्रत्युत्तर दिले, तेव्हा तिलाच शाळेतून काढले गेले. उरलेल्या आठ जणांनी वर्ष पूर्ण केले. मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन हा त्या शाळेतून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. पुढच्या वर्षी एकत्र शिक्षण टाळण्यासाठी शहरातील चारही सरकारी हायस्कुले बंद ठेवली गेली. द्वेष करणाऱ्यांनी शेवटी स्वतःच्या मुलांचेही वर्ष बुडवले.

मात्र एलिझाबेथने नंतर एक चांगली आठवणही सांगितली आहे. शेवटच्या तासाला, भाषणकलेच्या वर्गात, दोन गोरे विद्यार्थी तिच्याशी नेहमीसारख्या साध्या गप्पा मारत. तसे करण्याचा हुकूम त्यांना कोणीही दिलेला नव्हता.

आपल्यासाठी

भारतात संविधानाच्या १५ व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींसाठी उघडले. २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तेथून उत्तीर्ण झाल्या. दार उघडण्यासाठी कायदा आणि हुकूम लागतातच; त्यांच्याशिवाय एलिझाबेथ बाकावरच बसून राहिली असती. पण दाराच्या आतले काम सहाध्यायांचे असते.

आपल्या मेसमध्ये आठवडाभर हाऊसप्रमाणे जागा ठरलेल्या असतात. रविवारी रात्री ते बंधन नसते, तेव्हा टेबले भाषेप्रमाणे होतात. आपल्या भाषेत बोलायला मिळणे हा आनंदच आहे. हे पान मी त्याच आनंदाने लिहीत आहे. पण ज्याची भाषा बोलणारा दुसरा कोणीच नाही, तो नवा मुलगा कोणत्या टेबलावर बसणार? ईशान्येकडून आलेल्या कॅडेटला स्वतःच्याच देशात ‘तू कोणत्या देशाचा?’ असे विचारले जाते, तेव्हा शेजारी बसलेले काय करतात? चेहऱ्यावरून, उच्चारावरून पडलेल्या टोपणनावांना हसणारे कोण असतात?

स्टँडिंग ऑर्डरमध्ये या प्रश्नांची उत्तरे सापडणार नाहीत. रविवारी रात्री आपल्या टेबलावरची एखादी खुर्ची रिकामी असेल, तर तिच्यावर कोणाला बोलवायचे, हे आपणच ठरवायचे आहे.