छोटा पंजा आणि गिटारचा नेक

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे बँडची प्रॅक्टिस, आणि दुसरी म्हणजे "मला पण इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय" ही साथ! त्यात ज्यांचे हात लहान (मीही त्यातलीच) त्यांना फुकट सल्ला मिळतो, "बारीक नेकची घे." एका दुकानात तर मला "ताई, तुम्ही युकुलेलेच बघा" असं ऐकवलं गेलं. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या; आकडे मात्र कॅल्क्युलेटरवर तपासून दिले आहेत.

अंबाजोगाईत बसून गिटार घ्यायची म्हणजे एकतर फोटो बघून ऑर्डर करायची, नाहीतर एसटीने पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठून एका दिवसात निर्णय घेऊन परतायचं. घरून पैसे मिळणार एकदाच. म्हणून निवडीचं निम्मं काम इथेच, रूमवर, करून ठेवायला हवं.

नेक म्हणजे गिटारची मान, जिच्याभोवती डाव्या हाताचा पंजा बसतो. ती आडवी कापली तर मागची बाजू ज्या इंग्रजी अक्षरासारखी दिसते ते तिचं नाव. सी म्हणजे साधा गोलसर, डी म्हणजे मागे सपाट आणि बाजूला भरलेला, यू म्हणजे जाडजूड, व्ही म्हणजे मधे कणा असलेला. सगळी चर्चा या अक्षरांवरच अडकते. पण माझ्या मते लहान हातासाठी हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न तारेच्या लांबीचा.

तार नटपासून ब्रिजपर्यंत जेवढी लांब तिला स्केल लेंग्थ म्हणतात. (मेकॅनिकलवाल्यांनो, हा नट म्हणजे बोल्टचा नव्हे! नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात, ती पट्टी.) फेंडर स्ट्रॅटोकास्टरची लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मि.मी. गिब्सन लेस पॉलची साधारण ६२८. फेंडर मस्टँग ही १९६४ साली आलेली गिटार, तिचं नेहमीचं स्केल २४ इंच, म्हणजे ६१० मि.मी. आयबानेझची मायक्रो तर फक्त ५६४ मि.मी. कंपन्यांना लहान हातांचं आजच सुचलं असंही नाही. फेंडरने १९५६ मध्येच म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सोनिक ही २२.५ इंची मॉडेल्स शिकणाऱ्यांसाठी काढली होती.

आता गणित. प्रत्येक फ्रेटला उरलेली तार दोनाच्या बाराव्या मुळाने भागली जाते. म्हणजे स्केल कमी झालं की सगळी घरं त्याच प्रमाणात आखडतात. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आणि चौथ्यावर करंगळी ठेवायची तर स्ट्रॅटवर दोन फ्रेटमधलं अंतर ९७ मि.मी. येतं, लेस पॉलवर ९४, मस्टँगवर साडे-एक्याण्णव, मायक्रोवर ८५. बारा मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण करंगळी पूर्ण ताणलेली असताना त्या शेवटच्या बारा मिलिमीटरमध्येच सूर लागतो किंवा तार नुसती खरखरते.

हे विकत न घेता तपासता येतं! हॉस्टेलमध्ये कोणाची तरी अकूस्टिक गिटार असतेच. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेपने मोजा आणि दुप्पट करा, ते तिचं स्केल. ६४८ च्या आसपास असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. उरलेली तार ६१२ मि.मी., म्हणजे जवळजवळ मस्टँग झाली. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर नेला की ५७७, म्हणजे जुन्या ड्युओ-सोनिकच्या शेजारी. आता कॅपोपासून पुढे तेच कॉर्ड पंधरा मिनिटं वाजवा. कॅपो लावल्यावर हात लगेच सुटला तर तुमची अडचण स्केलची आहे. काहीच फरक पडला नाही तर ती रुंदी-जाडीची, किंवा नुसत्या सरावाची.

आखूड तारेची किंमत मात्र मोजावी लागते. सूर तोच आणि तारही तीच ठेवली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो (फर्स्ट इयरचा सोनोमीटर आठवा, ज्याची रीडिंग्ज सगळी बॅच एकाच वहीतून उतरवते). मस्टँगवर ताण साधारण ११ टक्के उतरतो, मायक्रोवर २४ टक्के. बोटांना मऊ लागतं, पण तार ढिली वाटते आणि जोरात दाबली की सूर चढतो. उपाय म्हणजे जाड तार. मायक्रोवर ९ नंबरच्या जागी १० नंबरचा सेट लावला तर पहिल्या तारेचा ताण पुन्हा स्ट्रॅटच्या ९३ टक्क्यांपर्यंत येतो.

माणूस बघून वाद्य लहान-मोठं करणं आपल्याकडे नवीन नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांमध्ये मर्दानी आणि जनानी असे वेगळे आकार असतात. बायकांचा षड्ज साधारण काळी चार-पाचचा, म्हणून तार आखूड आणि वाद्य लहान. तिथे कारण हाताचं नसून गळ्याचं आहे, पण जनानी तंबोरा घेणाऱ्या गायिकेला कोणी "तुम्ही दुसरंच काहीतरी बघा" म्हणत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. असो.

दुसरा प्रश्न रुंदीचा. इलेक्ट्रिकवर नटची रुंदी बहुधा ४२-४३ मि.मी. असते, क्लासिकल गिटारवर ५२. म्हणून क्लासिकलवर हात पुरला नाही तरी खचू नका. पण अरुंद म्हणजे नेहमी चांगलं असंही नाही. बोटं आखूड आणि जाड असतील तर अरुंद नेकवर शेजारची तार दबते. लहान हात म्हणजे एकच प्रकार नव्हे. फाक कमी असणं वेगळं आणि बोटं आखूड असणं वेगळं.

आता ती अक्षरं. इथे अंगठा कुठे राहतो ते बघा. तो नेकच्या मागे मधोमध टेकत असेल तर आयबानेझ विझर्डसारखा सपाट, बारीक नेक सोयीचा. बोटांना लांबी मिळते. पण अंगठा वरून डोकावत असेल तर डीचे भरलेले खांदे आड येतात, तिथे छोटा सी किंवा मऊ व्ही बरा. अति बारीक नेकचा एक तोटा कोणी सांगत नाही. आधार कमी मिळाल्याने पंजा चिमटा काढल्यासारखा आवळला जातो आणि अर्ध्या तासात अंगठ्याचा मळहात दुखायला लागतो. उसाच्या कोयत्याची मूठ काडीसारखी बारीक करून बघा, हात आधी दमेल. म्हणून दुकानात दोन मिनिटं वाजवून ठरवू नका. बसून वीस मिनिटं बार कॉर्ड धरा, दुकानदार तोंड वाकडं करेना का! दुखलं की मात्र थांबा.

आणि ज्यांच्याकडे आधीच स्ट्रॅट आहे त्यांनी ती विकायची घाई करू नये. व्यायाम पाचव्या फ्रेटपासून सुरू करा. तिथे पाच ते आठ हे अंतर ७७ मि.मी.च आहे, मायक्रोच्या पहिल्या घरांपेक्षाही कमी. रोज जमेल तसं एकेक घर खाली या. पट्टा थोडा आखूड करून गिटार वर घेतली की मनगट सरळ राहतं आणि करंगळी आपोआप लांब पोहोचते. रॉकस्टारसारखं दिसत नाही हे खरं.

कॅपो आणि मापाची टेप माझ्याकडे आहे. गर्ल्स हॉस्टेलच्या ऑफिसात निरोप ठेवा, मिळेल. मागच्या वेळी गेलेला पिक अजून परत आलेला नाही, तोही आणून द्यावा.