नाळेतील रक्त आणि सिकलसेलचे रुग्ण

प्रसूती सुखरूप झाली की वार खेड्यात पुरली जाते, तर रुग्णालयात ती कचऱ्यात जाते. तिच्यासोबत नाळेतील अर्धी-पाऊण वाटी रक्तही जाते. या रक्ताचे मोल १९८८ मध्ये प्रत्ययास आले. पॅरिस येथे डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी पंडुरोगाने ग्रासलेल्या एका मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले व त्याच्या अस्थिमज्जेत रक्तनिर्मिती नव्याने सुरू झाली.

पारशिवनी परिसरास हा विषय परका नाही. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील या दोषासंबंधीचा शुक्ला व सोलंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच प्रसिद्ध झाला होता. निरोगी मूळपेशींचे रोपण हा या रोगावरील एक मूलगामी उपाय होय. परंतु तो खर्चिक आहे, जोखमीचाही आहे.

नाळेतील रक्तात मूळपेशी असतात, पण थोड्या. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. लहान मुलास एक पिशवी पुरते, प्रौढास बहुधा पुरत नाही. म्हणून या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याचे प्रयत्न झाले. येथे अडचण मोठी चमत्कारिक आहे. पोषक द्रवात वाढघटक घातले की पेशी विभागतात खऱ्या, पण विभागता विभागता प्रौढ होतात आणि त्यांचे मूळपण हरपते. बियाण्याचे धान्य झाले, पेरायला बी उरले नाही, असाच तो प्रकार! ‘ब-३’ जीवनसत्त्वाचे एक रूप असलेले निकोटिनामाइड या प्रौढत्वास आवर घालते. सुमारे तीन आठवडे अशा रीतीने वाढविलेल्या पेशींच्या उपचारास अमेरिकेने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. चाचणीत संसर्गाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी २२ ऐवजी १२ दिवसांत सावरल्या. मात्र ही मान्यता रक्ताच्या कर्करोगाच्या १२ वर्षांवरील रुग्णांपुरती होती, सिकलसेलसाठी नव्हे.

खासगी पेढ्यांच्या जाहिराती हा भेद सांगत नाहीत. बाळास सिकलसेल असेल, तर त्याच्याच नाळेतील रक्तात तोच दोष असतो. ते साठवून त्याचा रोग बरा होणार नाही. अशा व्यापारी साठवणुकीची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेली नाही. कर्ज काढून हे शुल्क भरण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढे अवश्य सांगावे. थोरले भावंड रुग्ण असेल, तर गोष्ट वेगळी. नवजात बालक निरोगी असून पेशींची जुळणी झाली, तर ते रक्त मोलाचे ठरते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक असते. अशा मातेने गरोदरपणातच रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण रक्त गोळा करण्याची तयारी प्रसूतीपूर्वीच करावी लागते. एरवी नाळ जन्मानंतर किमान एक मिनिट न कापता ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या अवधीत ते रक्त, त्यातील लोहासह, बाळाच्याच अंगी जाते.